अति खाण्यानंतरचा दुसरा दिवस : प्रायश्चित्त घ्यावे की नेहमीसारखे जेवावे?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. वजन कमी करण्याचे उपाय विचारण्यासाठी हा धागा काढलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सलग काही दिवस मेजवान्या झाल्या, पाहुणे आले किंवा प्रवास घडला की खाण्याचा ताळतंत्र सुटतो. त्यात मला स्वतःला फारसे वावगे वाटत नाही. आनंदाच्या प्रसंगी माणूस चार घास जास्त खाणारच. खरी गडबड त्यानंतर सुरू होते. पोट जड आणि मन त्याहून जड अशा अवस्थेत दुसरा दिवस उजाडतो, "आज काहीही खायचे नाही" असा पण केला जातो, सकाळ कशीबशी निभावते, दुपारी नावापुरते काहीतरी पोटात जाते आणि संध्याकाळी जे समोर दिसेल त्यावर हात पडतो. मग पुन्हा अपराधीपणा, पुन्हा नवा पण आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बराच विचार केल्यावर माझे असे मत झाले आहे की अति खाणे हा या दुखण्याचा निम्माच भाग आहे आणि उरलेला निम्मा दुसऱ्या दिवशी आपण स्वतःला ठोठावलेल्या शिक्षेत आहे. परंतु ही स्वतःच्या सोयीची पळवाट तर नव्हे, अशी शंकाही येते. तेव्हा अति खाणे झाल्यानंतरचे पहिले जेवण तुम्ही कसे घेता, आणि अन्नाकडे शत्रू किंवा सांत्वनकर्ता म्हणून न पाहता केवळ अन्न म्हणून पाहणे तुम्हाला कशामुळे जमले, हे जाणून घ्यायला आवडेल. "मनावर ताबा ठेवा" एवढेच कृपया लिहू नये. ते घरातल्या सर्वांचे सांगून झालेले आहे.

पायवाट

नेहमीच्या वेळी, नेहमीचे, नेहमीइतके. भूक कमी असेल तर थोडे कमी. माझे उत्तर एवढेच आहे, आणि ते लिहायला जितके सोपे तितकेच पाळायला अवघड आहे.

ठोकताळा

मला धाग्यातला मूळ मुद्दाच पटत नाही. आदल्या रात्री घशाशी येईपर्यंत जेवल्यावर सकाळी भूक नसते, आणि भूक नसताना न जेवणे ही शिक्षा कशी काय ठरते? एक वेळ लंघन केल्याने निरोगी माणसाचे काहीही बिघडत नाही. प्रत्येक साध्या गोष्टीला मानसशास्त्राचे अस्तर लावण्याची हल्ली जी सवय झाली आहे, तिच्यामुळे प्रश्न सुटण्याऐवजी अधिक गुंततात. काल जास्त खाल्ले, तर आज कमी खावे. हिशेब सरळ आहे.

गवतफूल

ठोकताळा, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मांडत आहात. भूक नाही म्हणून सकाळचे खाणे दोन तास पुढे ढकलणे वेगळे, आणि भूक लागलेली असताना "काल हादडलेस ना, मग आता भोग" असे म्हणून ती दाबणे वेगळे. धागाकर्तीने वर्णन केलेली संध्याकाळ या दुसऱ्या प्रकारातून उगवते.

अर्धपोटी राहिलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, याचा फार तपशीलवार अभ्यास १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली झाला. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे ३६ तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते, आणि शरीराने व मनाने धडधाकट असलेल्यांचीच त्यासाठी निवड झाली होती. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या साधारण निम्म्या आहारावर ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरले. त्यांच्या वागण्यातला बदल मात्र वजनातल्या घटीपेक्षाही बोलका आहे. एरवी स्वयंपाकघरात न डोकावणारी ही माणसे पाककृतींची पुस्तके जमवू लागली, एकेक घास लांबवून तासन् तास जेवत बसू लागली आणि त्यांच्या बोलण्यात अन्नाखेरीज दुसरा विषय उरेना. प्रयोग संपून पुरेसे अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यापैकी काही जण प्रचंड खात, पोट तुडुंब भरत, आणि तरीही आपले समाधान झाले नाही अशी तक्रार करीत. एक दिवसाचे लंघन आणि सहा महिन्यांची अर्धउपासमार यांची बरोबरी होत नाही, हे मान्यच आहे. परंतु ज्या हव्यासाला आपण चारित्र्यातला दोष समजतो, तो अन्न तोडल्यामुळे चांगल्या भल्या माणसात निर्माण होऊ शकतो, एवढे तरी यावरून दिसते.

काठावरचा

रात्री एक वाजता पाककृतींचे व्हिडिओ पाहत बसण्यामागचे शास्त्रीय कारण अखेर सापडले. आजवर मी त्याला छंद समजत होतो.

तळटीप

गवतफूल यांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. हर्मन आणि मॅक यांचा १९७५ सालचा प्रयोग या धाग्याच्या अगदी केंद्रस्थानी बसतो. सहभागी व्यक्तींना आइस्क्रीमची चव पारखायची आहे असे सांगण्यात आले होते, आणि त्याआधी काहींना एक, काहींना दोन मिल्कशेक प्यायला दिले होते, तर काहींना काहीच दिले नव्हते. एरवी खाण्यावर निर्बंध न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी आइस्क्रीम खाल्ले. सतत पथ्य सांभाळणाऱ्यांच्या बाबतीत नेमके उलटे झाले. मिल्कशेक पिऊन झाल्यावर त्यांनी आइस्क्रीम अधिक खाल्ले. आजचा नियम मोडलाच आहे, तर आता हात आखडता कशाला घ्यायचा, असा तो विचार असतो. आपल्याकडे बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, त्यातला प्रकार.

याच विषयावरच्या पुढच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. प्यायलेल्या पदार्थात प्रत्यक्ष किती कॅलरी होत्या यापेक्षा त्यात खूप कॅलरी होत्या असे त्या व्यक्तीला वाटले की नाही, यावर पुढचे खाणे अधिक अवलंबून होते. म्हणजे पोटाने दिलेल्या निरोपापेक्षा मनाने काढलेला निष्कर्ष वरचढ ठरतो. त्यामुळे ठोकताळा यांचा "काल जास्त, आज कमी" हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी ज्यांचे नियम कडक असतात, नेमक्या त्यांच्याच बाबतीत तो कोलमडतो.

ठोकताळा

माझा कोलमडत नाही. नियम मोडला तर दुसऱ्या दिवशी मी तो पुन्हा पाळतो आणि विषय संपतो.

तळटीप

तर मग तुम्ही पहिल्या गटातले आहात, आणि याबद्दल तुमचा हेवा वाटतो. धागाकर्ती दुसऱ्या गटातल्या असाव्यात. एकाच्या पचनी पडलेला सल्ला दुसऱ्याच्या गळ्यात उतरवू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

अर्धविराम

होय, मी दुसऱ्या गटातलीच. सर्वांचे आभार. एक उपप्रश्न विचारते. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभे राहिले की तो चक्क दोन किलो जास्त दाखवतो, आणि उपाशी राहण्याचा निश्चय बहुतेक वेळा त्याच क्षणी होतो. हे दोन किलो खरे असतात का?

मोजपट्टी

वजन म्हणून खरे, चरबी म्हणून नव्हे.

खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांपैकी काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम इतकी ही साठवण असू शकते, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणीही धरून ठेवले जाते. मेजवानीच्या जेवणात मीठ नेहमीपेक्षा जास्त असते, त्यामुळेही पाणी साचते. शिवाय कालचे अन्न अजून आतड्यातच असते आणि त्यालाही वजन असतेच. याउलट एक किलो चरबी वाढण्यासाठी सुमारे ७,७०० कॅलरी अतिरिक्त लागतात. एका रात्रीत दोन किलो चरबी चढायची तर रोजच्या आहाराच्या वर १५,००० हून अधिक कॅलरी पोटात जायला हव्यात, आणि एवढे जेवणे कोणत्याही मेजवानीत जवळजवळ कोणालाही शक्य नाही.

यातला खरा सापळा पुढे आहे. दोन-तीन दिवस नेहमीसारखे जेवले तरी हे पाणी आपोआप उतरते. परंतु मधल्या काळात तुम्ही उपाशी राहिलात, तर उतरलेल्या काट्याचे सगळे श्रेय त्या उपासमारीला जाते आणि पुढच्या खेपेस तोच उपाय अधिक कडकपणे केला जातो. म्हणून अति खाण्यानंतरचे काही दिवस काट्यावर उभेच राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठोकताळा

"सगळे पाणीच असते" हा दिलासाही फसवा आहे, हे नोंदवून ठेवतो. अमेरिकेतील १९५ प्रौढांच्या वजनाचा एक अभ्यास २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला होता. वर्षाखेरीच्या सुट्ट्यांच्या काळात त्यांचे वजन सरासरी ०.३७ किलोने वाढले. ही वाढ लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळच कमी होती. मात्र पुढच्या काही महिन्यांत ती उतरलीही नाही. दरवर्षी थोडी थोडी साचत जाणारी वाढ ही अशीच असते. तेव्हा आपण केलेल्या अतिरेकाचे काहीच होत नाही, असे सांगून धागाकर्तीची फसवणूक करू नये.

मोजपट्टी

मुद्दा रास्त आहे आणि मी तो मान्य करतो. दोन किलोंचा धसका खोटा आणि पाव-अर्ध्या किलोची चिकाटी खरी. परंतु ती चिकाटी एका दिवसाच्या लंघनाने मोडत नाही. ते काम पुढच्या महिन्यांतल्या साध्या, कंटाळवाण्या जेवणांनी होते, आणि धागाकर्तीची गाडी तर तिथवर पोचतच नाही, कारण प्रायश्चित्त आणि त्याचा संध्याकाळचा भडका यांतच आठवडा निघून जातो.

रातवा

शास्त्र वाचून झाले, आता स्वयंपाकघरात या.

रात्रीचे साडेअकरा. दिवे मालवलेले, फक्त उघड्या फ्रिजचा उजेड जमिनीवर पडलेला. समारंभातला उरलेला केक समोर, आणि त्याची एक कड वाकडी कापली गेल्याचे लक्षात येते. ती सरळ करण्यासाठी सुरीने एक पातळ चकती काढतो आणि उभ्याउभ्याच तोंडात टाकतो. आता दुसरी बाजू थोडी पुढे आलेली दिसते. तीही सरळ करतो. खाली पडलेला चुरा बोटाने टिपतो, सुरीला लागलेले क्रीम वाया जाऊ देत नाही. अशा रीतीने कडा सरळ करता करता अर्धा केक संपतो, आणि "मी केक खाल्ला" असे मात्र एकदाही वाटत नाही. त्यामुळे तृप्तीही होत नाही.

यावर मी स्वतःपुरता एक दंडक केला आहे. खायला मनाई नाही, परंतु दिवा लावायचा, ताटलीत पूर्ण तुकडा घ्यायचा आणि खुर्चीवर बसून खायचा. कित्येकदा दिवा लावल्यावरच इच्छा ओसरते, कारण मला केक नको असतो, झोप हवी असते. आणि जेव्हा खरोखर हवा असतो, तेव्हा एका तुकड्यावर समाधान होते, कारण तो तुकडा खाल्ल्याची मनात नोंद झालेली असते.

काठावरचा

कड सरळ करणे हे खाण्यात धरत नाहीत. ते दुरुस्तीचे काम आहे.

पायवाट

रातवा यांच्या दंडकाला पुस्ती जोडतो. ताटली लहान घ्यावी. नळीने आपोआप भरत राहणाऱ्या सूपच्या वाडग्याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वाडगा रिकामा होत नाही तोवर लोक पीत राहतात आणि आपण किती प्यायलो याचा त्यांना पत्ता लागत नाही.

तळटीप

सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. हा प्रयोग कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक यांचा आहे. त्यांच्या संशोधनातील आकडेवारीबाबत गंभीर प्रश्न उभे राहिले, २०१८ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या जामा समूहातील नियतकालिकांनी त्यांचे सहा शोधनिबंध एकदम मागे घेतले, विद्यापीठाच्या चौकशीतही गैरवर्तन आढळले आणि त्यांनी राजीनामा दिला. लहान ताटली घेण्यात तोटा काहीच नाही, परंतु तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

आजूबाजूच्या अन्नाचा परिणाम होतो हे सांगणारा अधिक भक्कम पुरावा केविन हॉल यांच्या २०१९ सालच्या प्रयोगात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० प्रौढांना मुक्कामी ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले (कारखान्यात तयार होणारे, पाकीटबंद स्वरूपाचे) आणि दोन आठवडे कमी प्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. समोर मांडलेल्या दोन्ही आहारांतील कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ सारखेच होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. तरीही पहिल्या आहारावर असताना ती माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि त्यांचा खाण्याचा वेगही अधिक होता. माणसे तीच, त्यांचा मनोनिग्रह तोच, फरक फक्त अन्नाचा. म्हणून अति खाल्ल्यावर प्रत्येक वेळी स्वतःच्या इच्छाशक्तीचीच झडती घेण्याआधी घरात काय भरून ठेवले आहे, तेही एकदा पाहावे.

उंबरठा

वरचे सर्व प्रतिसाद मी थोड्या बाहेरून वाचत आहे, कारण मला टाइप २ मधुमेह आहे. "कोणताही पदार्थ निषिद्ध मानू नका, शरीराचे ऐका" हा सल्ला मला सरसकट लागू पडत नाही. माझे शरीर साखर वाढल्यावर नेहमीच काही बोलते असे नाही. ते ग्लुकोमीटरलाच विचारावे लागते.

पण दुसऱ्या टोकाला असलेले प्रायश्चित्तही मला परवडणारे नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या चालू असताना जेवण चुकवले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते, आणि मग ती वर आणण्यासाठी पुन्हा गोड खाणे भाग पडते. त्यामुळे जास्त खाणे झाले की मी जेवणानंतर थोडे चालतो, पुढचे जेवण वेळेवर घेतो आणि औषधाची मात्रा मनाने बदलत नाही. मोजलेला आकडा वहीत लिहितो आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवतो. पूर्वी असा वाढलेला आकडा मी वहीत लिहीतच नसे. माझ्या दृष्टीने अन्नाशी नाते सुधारले ते त्या वहीत वाईट आकडेही लिहिले जाऊ लागल्यापासून.

गवतफूल

उंबरठा, "शरीराचे ऐका" या सल्ल्याची मर्यादा तुम्ही नेमकी दाखवलीत. ज्यांना पथ्य वैद्यकीय कारणाने आहे, त्यांनी ते पाळायलाच हवे. त्यांच्या बाबतीत फक्त एवढेच म्हणता येईल की पथ्य मोडल्यावर स्वतःला दूषणे दिल्याने साखर उतरत नाही.

काठावरचा

थट्टा बाजूला ठेवून थोडे गांभीर्याने लिहितो. मलाही "भूक लागेल तेव्हा खा, पोट भरेल तेव्हा थांबा" हे सांगण्यात आले होते. वर्षानुवर्षे आज तुडुंब आणि उद्या उपाशी असे केल्यानंतर मला भूकच ओळखू येईनाशी झाली होती. पोटात कावळे ओरडेपर्यंत काही जाणवत नसे, आणि एकदा ओरडू लागले की थांबणे हाती राहत नसे. अशा माणसाला भुकेचे ऐकायला सांगून काय उपयोग? मला आधार मिळाला तो घड्याळाचा. भूक असो वा नसो, ठरलेल्या वेळी बेताचे खायचे, आणि दोन खाण्यांत फार मोठी फट पडू द्यायची नाही. सुरुवातीला हे फार यांत्रिक वाटले. काही काळाने जेवणाच्या वेळेआधी हलकीशी भूक जाणवू लागली, आणि ती तशी जाणवते हेच मी विसरून गेलो होतो.

ओंजळ

घरात मुले असतील त्यांच्यासाठी लिहिते. माझी नऊ वर्षांची मुलगी एके दिवशी म्हणाली, "आज मी वाईट वागले, दोन चॉकलेटे खाल्ली." तिला हे कोणी शिकवले, असा प्रश्न मला पडण्याचे काही कारणच नव्हते. खाण्याला पाप, चोरी, लाड, शिक्षा अशा शब्दांत आम्ही दोघे नवरा-बायको तिच्यादेखत सर्रास बोलत असू. आता आमच्या घरी ताटावर बसून वजनाची चर्चा होत नाही, आणि कोणी जास्त खाल्ले तर "पोट जड झाले का?" एवढेच विचारले जाते.

दुसरी बाजू आग्रहाची. समोरच्याने नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा वाढणे हे प्रेमाचे लक्षण मानू नये, असे मी माझ्या सासूबाईंना सांगू शकलेले नाही. परंतु मी स्वतः वाढताना एकदाच विचारते.

निरभ्र

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. मेजवानीत जास्त खाणे हा आजार नव्हे. परंतु काही जणांच्या बाबतीत त्याच्या आड एक खराखुरा विकार दडलेला असतो. अनियंत्रित अतिभक्षणाच्या या विकाराचे वर्णन अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ सालीच केले होते, आणि २०१३ साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याचे निदान करताना किती खाल्ले एवढेच पाहत नाहीत, तर थांबता येत नाही असे त्या वेळी वाटत होते का, हेही पाहतात. भूक नसताना खाणे, नेहमीपेक्षा भरभर खाणे, त्रास होईपर्यंत खाणे, लाजेपोटी एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःची किळस वाटणे, यांपैकी किमान तीन गोष्टी असतील, आणि असे प्रसंग तीन महिने आठवड्यातून सरासरी एकदा तरी घडत असतील, तर तज्ज्ञांकडे जाणे योग्य ठरते.

काठावरचा यांनी जे स्वतःच्या अनुभवातून लिहिले आहे, तेच बोधनात्मक वर्तनोपचारात (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारात, म्हणजे सीबीटीत) जवळजवळ पहिल्या पायरीवर शिकवले जाते. दिवसातून तीन जेवणे, दोन-तीन वेळा मधले हलके खाणे, आणि दोन्हींत साधारण चार तासांपेक्षा अधिक अंतर नाही. काय खावे याची चर्चा नंतर येते. आदल्या दिवशी अतिरेक झाला असला तरी हे वेळापत्रक तसेच पुढे चालू ठेवतात. किंबहुना त्या दिवशी तर ते अधिकच काटेकोरपणे.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगते. खाल्लेले मुद्दाम उलटी करून बाहेर काढणे किंवा त्यासाठी रेचके घेणे, हे कोणी "एकदाच" म्हणूनही करत असेल, तर ते लपवू नये. त्याने शरीरातील पोटॅशियमचे प्रमाण ढासळते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. या त्रासावर उपचार आहेत आणि ते घेणाऱ्यांची संख्या तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

पायवाट

एका साध्या गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. मेजवान्यांच्या दिवसांत जागरणेही होतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा तृप्तीशी संबंधित लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी जो ताबा सुटतो, त्यात उपाशीपणाइतकाच अपुऱ्या झोपेचाही वाटा असू शकतो. (वॉन्सिंक यांचे नाव यात नाही, हे तळटीप यांच्या माहितीसाठी.)

तळटीप

नोंद घेतली.

ठोकताळा

धागा बराच फिरून आला, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो. माझे मत मी पूर्णपणे बदललेले नाही. सकाळी भूक नसेल तर मी यापुढेही उशिराच जेवेन आणि त्याला लंघनच म्हणेन. मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. लंघन आधीच ठरवून टाकले तर भूक लागल्यावरही माणूस हट्टाने ते रेटतो, आणि संध्याकाळी आगीतून फुफाट्यात पडतो. तेव्हा भूक नसताना थांबावे, भूक लागल्यावर मात्र थांबू नये, इतकी दुरुस्ती मी माझ्या पहिल्या प्रतिसादात करतो.

अर्धविराम

ठोकताळा, ही दुरुस्ती मला उपयोगी पडेल.

आता अगदी व्यवहारातला प्रश्न. समारंभानंतर घरात उरलेल्या गोड पदार्थांचे डबे असतात. ते ठेवावेत की वाटून टाकावेत? डबा घरात असला की तो दिवसभर डोक्यात राहतो, आणि वाटून टाकला की आपल्यावर आपलाच विश्वास नाही असे वाटते.

ओंजळ

वाटून टाकावेत. विश्वासाची परीक्षा रोज घेण्याची गरज नसते.

रातवा

माझे मत याच्या उलट आहे. डबा प्रत्येक वेळी घराबाहेर घालवला, तर तो पदार्थ समोर आला की काहीतरी अघटित घडणार अशी भीती पक्की होते. त्यापेक्षा थोडे ठेवावे, उरलेले द्यावे, आणि ठेवलेले कधी खायचे ते सांगून ठेवावे. जसे की, दुपारच्या जेवणासोबत, ताटात वाढून, सर्वांबरोबर. जो पदार्थ उद्याच्या ताटात येणारच आहे, त्यासाठी रात्री फ्रिज उघडावासा वाटत नाही.

निरभ्र

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि क्रम महत्त्वाचा आहे. खाण्याचे वेळापत्रक अजून बसलेले नसताना घर थोडे मोकळे ठेवणे सोयीचे असते. जेवणे नियमित झाल्यावर मात्र टाळलेले पदार्थ एकेक करून, आधी ठरवून, पोटभर जेवणासोबत परत आणावेत. उपाशीपोटी किंवा मन खिन्न असताना हा प्रयोग करू नये.

तळटीप

"आपल्यावर आपलाच विश्वास नाही" या वाक्यावरून आठवले. ॲडम्स आणि लिअरी यांनी २००७ साली केलेल्या प्रयोगात पथ्य सांभाळणाऱ्या तरुणींना डोनट खायला दिला, आणि त्यांच्यापैकी काही जणींना "असे खाणे सगळ्यांकडूनच होते, स्वतःला फार टोचून घेऊ नका" अशा आशयाचे चार शब्द सांगितले. पुढे मिठाई समोर ठेवल्यावर ज्यांना हे शब्द सांगितले होते, त्यांनी इतरांपेक्षा कमी मिठाई खाल्ली. प्रयोगशाळेतला एक छोटासा प्रयोग आहे, त्यावर इमले बांधू नयेत. परंतु स्वतःला माफ केले तर आपण अधिकच सोकावतो, हा जो समज आहे, त्याच्या विरुद्ध दिशेने तो बोट दाखवतो. धागाकर्तीने पहिल्याच प्रतिसादात पळवाटेची शंका काढली होती, तिला माझे उत्तर हे आहे.

अर्धविराम

मनापासून आभार. निरभ्र यांनी सांगितलेल्या लक्षणांपैकी काही माझ्या बाबतीत जुळतात, त्यामुळे समुपदेशकांची वेळ घेण्याचे ठरवले आहे. पहिल्या भेटीत नेमके काय सांगावे?

निरभ्र

उत्तम. वजनापासून सुरुवात करू नका. असे प्रसंग साधारण किती वेळा घडतात, त्याआधीच्या काही तासांत तुम्ही काय खाल्लेले असते किंवा किती वेळ उपाशी असता, थांबता येत नाही असे वाटते का, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही काय करता, एवढे सांगा. घरात कोणाला खाण्याचे विकार असतील तर तेही सांगा, आणि चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्या. भेटीपूर्वीच्या आठवड्यात काय खाल्ले आणि कधी खाल्ले याची साधी नोंद ठेवलीत तर मदत होईल. कॅलरी मोजू नका. समोरच्या व्यक्तीने यांतले काहीही न विचारता थेट आहाराचा तक्ता हातात ठेवला, तर तिला खाण्याच्या विकारांवर उपचार करण्याचा अनुभव आहे का, हे निःसंकोचपणे विचारा.

काठावरचा

आणि सकाळी काहीतरी खाऊन जा. उपाशीपोटी गेलात तर निम्मे लक्ष प्रतीक्षालयातल्या बिस्किटांच्या बरणीकडे राहील.